शाळा सुटल्यानंतरचे तास

शाळा सुटल्याची घंटा आणि रात्रीचं जेवण यांच्यामध्ये बहुतेक मुलांचे चार-पाच तास असतात. या तासांची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. शाळेच्या वेळेसाठी शिक्षण खातं आहे, वेळापत्रक आहे, दुपारचा पोषण आहार आहे. सकाळ आणि रात्र घरच्यांच्या ताब्यात असते. मधला वेळ मात्र शिकवणी, पाळणाघर, रिक्षा-व्हॅनमधला प्रवास, मोबाइल आणि कोपऱ्यावरचं दुकान यांनी आपापसांत वाटून घेतला आहे. मुलांना कडकडून भूक लागते ती याच वेळी, आणि दिवसभर बाकावर बसून अवघडलेलं अंग मोकळं व्हायला मागतं तेही याच वेळी. खाण्याच्या आणि खेळण्याच्या सवयी लावायच्या असतील, तर त्यासाठी दिवसातला सर्वांत महत्त्वाचा वेळ हाच आहे.

या वेळेचं आपण आज काय करतो, पूर्वी काय करत होतो, कायदे काय सांगतात, इतरत्र कोणते प्रयोग झाले आणि त्यांतलं काय महाराष्ट्राच्या उपयोगी पडेल, याचा हा आढावा आहे. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. खाणं आणि खेळ यांची व्यवस्था एकाच ठिकाणी, रोज आणि मुलांच्या घराजवळ झाली, तरच ती टिकते. दोन्हींची फारकत केली की खेळ स्पर्धेपुरता उरतो आणि आहार फळ्यावरच्या तक्त्यापुरता.

आकड्यांतलं चित्र

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी श्वास वाढेल, घाम येईल अशी हालचाल करायला हवी. आठवड्यातून किमान तीन दिवस तिच्यात स्नायू आणि हाडं बळकट करणारे प्रकार हवेत. प्रत्यक्षात काय घडतं? संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची माहिती तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ११ ते १७ वयोगटातली जगभरातली ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नाहीत. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के आहे. मुलग्यांत ७२ आणि मुलींत ७६.

खाण्याच्या बाजूचं चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलंमुली कृश आढळली, तर ५ टक्के जादा वजनाची. २८ टक्क्यांना रक्तक्षय होता. दहातल्या एकाच्या रक्तातली साखर मधुमेहपूर्व पातळीवर पोचलेली होती. म्हणजे एकाच वर्गात एका बाकावर हाडं दिसणारं मूल असतं, दुसऱ्या बाकावर पोट सुटलेलं, आणि तिसऱ्या बाकावर दिसायला ठीकठाक पण रक्त कमी असलेलं.

यात आणखी एक पदर आहे, तो पुण्यातल्या संशोधनाने पुढे आणला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की भारतीय बाळं जन्मतः बारीक असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त आणि स्नायूंचं कमी असतं. बारीक अंगकाठीच्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचं एक उत्तर इथे सापडतं. मुलांचं नुसतं वजन करून त्यांच्या आरोग्याचा निवाडा करता येत नाही, हे यातून स्पष्ट होतं. वजन कमी करा असा संदेश इथे अपुरा आहे आणि भरपूर खा हाही. हव्यात त्या प्रथिनं आणि लोह देणारा खाऊ आणि स्नायू घडवणारा खेळ, या दोन्ही गोष्टी.

बाजाराचा ओढा मात्र वेगळ्याच दिशेला आहे. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्च पाहणीत पेयं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा ग्रामीण कुटुंबांच्या एकूण खर्चात ९.६ टक्के, तर शहरी कुटुंबांच्या खर्चात १०.६ टक्के होता. खाद्यपदार्थांवरच्या खर्चात हा गट दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर आहे. पाच आणि दहा रुपयांची पाकिटं आज वाडीवस्तीपर्यंत पोचली आहेत, आणि शाळा सुटण्याची वेळ हीच त्यांच्या विक्रीची वेळ असते.

तालमीचा वारसा

शाळा सुटल्यावर मुलांना एकत्र आणून व्यायाम देणं महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत वस्तादांच्या नजरेखाली जोर-बैठका, मेहनत आणि लाल मातीतली लढत चालायची, आणि त्याच शिस्तीत खुराकही असायचा. दूध, तूप, बदामाची थंडाई, पालेभाजी, ज्वारीची भाकरी हे सारं मेहनतीच्या हिशेबात बसवलेलं असायचं. किती मेहनत केली त्यावर किती खायचं ते ठरे. राजर्षी शाहू महाराजांनी या परंपरेला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परंपरेनं संस्थांचं रूप घेतलं. अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. त्यांच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केलं. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ (१९२५) आणि राष्ट्र सेवा दल (१९४१) या विचारांनी वेगळ्या संघटना, पण दोघांच्याही शाखांवर मुलं एकत्र जमून खेळत. दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आजही संध्याकाळी मुलामुलींनी भरलेलं असतं. तिथे अनेक पिढ्यांना मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

या वारशात मोठी उणीव होती ती मुलींची. तालीम मुलग्यांची होती आणि मुलींचा व्यायाम घरकामात धरला जायचा. तरीही झिम्मा, फुगड्या, पिंगा आणि मंगळागौरीचे खेळ होते. कुणीही मंगळागौर रात्रभर जागवून पाहावी. तो दमसास वाढवणारा कडक व्यायाम आहे. आजच्या रचनेत तालमीतून घ्यायची गोष्ट म्हणजे मेहनत आणि खुराक यांची सांगड, आणि सोडायची गोष्ट म्हणजे निवडक मुलग्यांपुरती मर्यादित दारं.

आजची संध्याकाळ

शहरातल्या मुलाची संध्याकाळ आज शिकवणीभोवती फिरते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणानुसार शहरी भागातले ३०.७ टक्के आणि ग्रामीण भागातले २५.५ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. शाळेतून थेट क्लासला जाणाऱ्या मुलाच्या हातात मध्ये अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात मिळतं ते वडापाव, समोसा, चायनीज भेळ, कुरकुरीत पाकीट आणि थंड पेय. भूक भागते, पण पदरात पडतं ते मीठ, तेल आणि मैदा. २५० मिलिलिटरच्या सर्वसाधारण कोलामध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. बाहेरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाच्या बाबतीत ती कमी मर्यादा एका बाटलीतच ओलांडली जाते.

आईबाप दोघेही नोकरीवर असलेल्या घरांत मूल पाळणाघरात जातं किंवा गळ्यात किल्ली अडकवून रिकाम्या घरात. पाळणाघर चालवणाऱ्या बाया आपल्या परीनं जीव लावतात, पण दोन खोल्यांच्या सदनिकेत वीस मुलं धावणार कुठे? मग टीव्ही लागतो. चहा-बिस्किट, चहा-खारी हा मधल्या वेळेचा सोपा खाऊ होतो. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी टाळा, असा सल्ला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारसूत्रांत दिला आहे. रक्तक्षयाचं प्रमाण एवढं असताना मुलांच्या हातातला संध्याकाळचा चहाचा कप हा दुर्लक्ष करण्यासारखा विषय नाही.

गावाकडे मुलं आपोआप हिंडतात-फिरतात, असं आपण समजतो. पाणी भरणं, गुरं वळणं, लहान भावंडं सांभाळणं यांत हालचाल होते हे खरं, पण ती काम म्हणून होते, आणि तिचा भार मुलींवर अधिक पडतो. मोबाइल तिथेही पोचला आहे. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून दुपारचं ऊन असं तापतं की साडेपाच-सहाच्या आधी मैदानावर मुलांना सोडता येत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाचे चार महिने मैदान चिखलात जातं. कार्यक्रम आखताना हे हवामान लक्षात घ्यावंच लागतं.

वेळापत्रकही बदलतं आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्य आहे. पण सकाळ पुढे सरकली की दिवसाचं दुसरं टोकही सरकतं आणि सूर्यप्रकाशातला खेळाचा वेळ कमी होतो. झोप वाचवताना खेळ जाणार नाही, याची काळजी घेणं हे आता शाळांचं आणि पालकांचं काम आहे.

कायदे आणि त्यांची हद्द

नियमांची आपल्याकडे वानवा नाही. महाराष्ट्र शासनानं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, थंड पेयं अशा पदार्थांना मनाई केली. केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं सप्टेंबर २०२० मध्ये काढलेले नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात विकायचे नाहीत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत त्यांची विक्री व जाहिरात करायची नाही, असं ते सांगतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं आपल्या शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं.

हे सगळे नियम स्वागतार्ह आहेत, पण त्यांचा भर शाळेच्या फाटकावर आहे. फाटकाबाहेर पडलेलं मूल ५० मीटर चालायला एक मिनिटही घेत नाही. शिवाय संध्याकाळी ते ज्या गल्लीत असतं, तिथे शाळा असेलच असं नाही. मनाईच्या जागी दुसरं काही हातात ठेवलं नाही, तर मनाई कागदावरच राहते. भुकेल्या मुलाला पाकीट घेऊ नको म्हणणाऱ्यानं त्याच्यापुढे शेंगदाण्याचा लाडू धरायला हवा.

खेळाच्या बाजूनं पाहिलं तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असलं पाहिजे अशी अट आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याचीही तरतूद आहे. दुपारच्या जेवणाच्या योजनेत, म्हणजे आताच्या पीएम पोषणमध्ये, पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं, तर सहावी ते आठवीतल्या मुलाला ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिनं देण्याचा निकष आहे. दुपारची ही व्यवस्था अपुरी असली तरी उभी आहे. संध्याकाळसाठी तिच्या तोडीचं काहीच नाही.

अमेरिकेतला अनुभव

शाळेनंतरच्या कार्यक्रमांचा सर्वांत पद्धतशीर विचार अमेरिकेत झाला. तिथल्या राष्ट्रीय आफ्टरस्कूल असोसिएशननं २०११ मध्ये आरोग्यदायी खाणं आणि शारीरिक हालचाल यांसाठी मानकं स्वीकारली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले संशोधक आणि वायएमसीए यांनी ती घडवण्यात भाग घेतला होता. ही मानकं साधी आहेत. रोजच्या खाऊत फळ किंवा भाजी असावी. पिण्याचं पाणी सतत हाताशी असावं आणि गोड पेयं नसावीत. अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमात किमान ३० मिनिटं हालचाल व्हावी. कार्यकर्त्यांनी मुलांसमोर तेच खावं आणि मुलांबरोबर खेळावं. खाणं बक्षीस म्हणून देऊ नये आणि व्यायाम शिक्षा म्हणून करायला लावू नये.

शेवटचा मुद्दा आपल्या शाळांनी भिंतीवर लिहून ठेवावा. उत्तर चुकलं की उठाबशा, उशीर झाला की मैदानाला फेऱ्या, आणि शाबासकी म्हणून चॉकलेट, ही आपल्याकडची रूढ रीत आहे. दहा वर्षं अशी गेली की व्यायामाचा राग आणि गोडाची ओढ दोन्ही मुलाच्या मनात घट्ट बसतात.

पैशांची व्यवस्थाही तिथे याच तत्त्वावर झाली. गरीब वस्त्यांतल्या केंद्रांना मुलांच्या खाऊसाठी आणि जेवणासाठी केंद्र सरकार अनुदान देतं, पण केंद्रात अभ्यास किंवा इतर उपक्रम चालले पाहिजेत अशी अट आहे. डिसेंबर २०१० च्या कायद्यानं संध्याकाळच्या जेवणाची ही सोय सर्व राज्यांत नेली. अन्न आणि उपक्रम एकमेकांना बांधले गेले.

मानकं लिहिली म्हणजे मुलं धावू लागतात असं नाही, हेही अनुभवानं दाखवलं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं, तेव्हा मुलांच्या जोमदार हालचालीत सरासरी वाढ दिवसाला पाच मिनिटांहून कमी भरली. हा निष्कर्ष निराश करणारा वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. कार्यक्रम आहे म्हणजे हालचाल आहे, हे गृहीत चुकीचं ठरतं. मुलं तासभर मैदानावर असतात आणि त्यातला मोठा भाग रांगेत, सूचना ऐकण्यात आणि बाद होऊन कडेला बसण्यात जातो.

यावर साउथ कॅरोलायनातल्या संशोधकांनी व्यवहारी तोडगा काढला. रांगा लावू नका, बाद करण्याची पद्धत काढा, गट लहान ठेवा, मोठ्यांनी कडेला उभं राहू नये, आणि जागा, साहित्य व नियम असे बदला की प्रत्येक मूल हलतं राहील. आपल्या खेळांना हे लगेच लावून पाहता येतं. लंगडीत जो आधी बाद होतो तो बहुधा अशक्त किंवा जाड मुलगा असतो, म्हणजे ज्याला खेळाची सर्वांत जास्त गरज तोच सर्वांत आधी कडेला बसतो. त्यानं दहा उड्या मारून परत खेळात यावं असा नियम केला, तर खेळ बिघडत नाही. खो-खोचा एकच पाट मांडून आठ मुलं उकिडवी बसवण्यापेक्षा लहान गटांचे दोन-तीन गोल खो-खो लावावेत. स्पर्धेचे नियम स्पर्धेच्या दिवसासाठी ठेवावेत.

खेळात वेळ गेला तर अभ्यास बुडेल, ही पालकांची धास्ती मनापासूनची असते. तिला उत्तर देणारा एक भक्कम प्रयोग इलिनॉय विद्यापीठात झाला. ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडीनं नऊ महिने शाळेनंतरच्या खेळवर्गात घातलं आणि उरलेल्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. खेळणाऱ्या मुलांची शारीरिक क्षमता तर वाढलीच, शिवाय लक्ष एकाग्र करणं आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळणं यांतही ती सरस ठरली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संध्याकाळचा तास खेळाला दिल्यानं अभ्यासाचं नुकसान होतं, या समजुतीला आता आधार उरलेला नाही.

पुण्याचा धडा

परदेशातल्या पुराव्यावर थांबण्याचं कारण नाही, कारण आपल्या पुण्यातच एक दीर्घ प्रयोग झाला आहे. केईएम रुग्णालय आणि सिम्बायोसिस शाळा यांनी मिळून पाच वर्षं चालवलेल्या या कार्यक्रमात मुलांच्या हालचालीचा वेळ वाढवला, शारीरिक शिक्षणाला गुण दिले, योगातले श्वसनाचे व्यायाम घेतले, आरोग्यशिक्षण दिलं आणि शाळेतलं खाणं सुधारलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या शाळेतल्या मुलांपेक्षा ही मुलं धावणं, लांब उडी, सिट-अपसारखे पोटाचे व्यायाम आणि जोर यांत तगडी ठरली. टीव्ही, शिकवणी आणि गृहपाठात बसून राहण्याचा त्यांचा वेळ कमी झाला, खेळण्याचा वाढला आणि फळं खाण्याचं प्रमाणही वाढलं. मात्र वजनदार मुलांची टक्केवारी घटली नाही.

या निकालाचा अर्थ नीट लावला पाहिजे. नुसता वजनकाटा पाहणारा माणूस या कार्यक्रमाला अयशस्वी म्हणेल. मला तो यशस्वी वाटतो. ज्या देशात मुलांचा प्रश्न स्नायूंचा आणि दमसासाचा आहे, तिथे मुलं जास्त धावू लागली, जोर काढू लागली आणि फळ मागू लागली, तर पायाभरणी झाली. म्हणून कार्यक्रमाचं मोजमाप धावण्यावर, लवचिकतेवर, रोजच्या हजेरीवर आणि हिमोग्लोबिनवर व्हावं. सगळ्यांसमोर मुलांचं वजन करून नावं पुकारणं तर थांबवायलाच हवं.

मुली मैदानावर येण्यासाठी

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ही शिखरं आहेत. पायथ्याशी मात्र दहा-अकरा वर्षांपर्यंत खेळणारी मुलगी पाळी सुरू झाली की मैदानातून नाहीशी होते. कारणं सर्वांना ठाऊक आहेत. स्वच्छतागृह नाही, अंधार पडतो, कपड्यांवरून बोलणी खावी लागतात, घरी भांडी वाट पाहत असतात.

गोवंडीच्या शिवाजीनगरसारख्या वस्तीत मुलींच्या कबड्डीच्या उपक्रमातून वेगळी वाट दिसली. टाटा समाजविज्ञान संस्था, अपनालय आणि महिलाविषयक संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो राबवला. वस्तीतल्याच मोठ्या मुलींना तयार करून त्यांनी लहानींना शिकवावं, अशी ती रचना होती. मैदानावर रोज मुली दिसू लागल्या की ते मैदान त्यांचंही होतं, आणि पालकांना ओळखीची ताई सोबत असल्याचा भरवसा वाटतो. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये उभी केलेली स्लम सॉकर, मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेली मॅजिक बस आणि कुलाब्याच्या वस्तीतून निघालेली ऑस्कर फाउंडेशन यांनी खेळाला शाळेतल्या हजेरीशी आणि वस्तीतल्या तरुण प्रशिक्षकांशी जोडलं. पदवीपेक्षा ओळखीचं, रोज येणारं माणूस मुलांना टिकवून धरतं.

ताटलीत काय असावं

संध्याकाळच्या खाऊसाठी परदेशी धान्यं किंवा महागडी पेयं लागत नाहीत. उकडलेलं अंडं सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं देतं, मूठभर शेंगदाणेही तितकीच. दहा रुपयांच्या पाकिटाच्या पैशात एक अंडं येतं, किंवा केळं आणि थोडे शेंगदाणे. मोड आलेल्या मटकीची भेळ, काळे वाटाणे किंवा हरभऱ्याची उसळ, भाजणीचं थालीपीठ, नाचणीचं घावन, राजगिऱ्याचा लाडू, दडपे पोहे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि ऋतूतलं फळ यांतून आठवड्याची यादी सहज होते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. पेरूत क जीवनसत्त्व इतकं असतं, की उसळीबरोबर पेरूची फोड किंवा वरून लिंबू पिळलं तर डाळी-कडधान्यांतलं लोह अधिक शोषलं जातं. चहाऐवजी ताक किंवा पाणी द्यावं.

मुलांना हे आवडेल का, असं विचारलं जातं. पदार्थ करण्यात हात असला की मुलं तो खातात. मटकीला मोड आणायला ठेवणं, कांदा-कोथिंबीर चिरणं, भेळ कालवणं ही कामं मुलग्यांनी आणि मुलींनी मिळून करावीत. खेळून आलेल्या भुकेला साधा खाऊही गोड लागतो, म्हणून शक्य असेल तिथे आधी खेळ आणि मग खाऊ हा क्रम ठेवावा. दुपारी जेवण न मिळालेल्या मुलांना मात्र आधी थोडं खायला द्यायलाच हवं. उपाशी पोटी पळवणं हा अन्याय आहे.

मैदान, माणूस आणि पैसा

जागेचा प्रश्न खरा आहे. मुंबईत दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. पण शाळेची मैदानं संध्याकाळी कुलूपबंद असतात किंवा भाड्यानं दिली जातात, हेही तितकंच खरं. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदानं साडेपाच ते साडेसात परिसरातल्या मुलांना मोफत खुली केली, तर नवी जमीन न घेताही शेकडो ठिकाणी जागा होईल. पावसाळ्यात समाजमंदिर, मंगल कार्यालय, शाळेची पडवी चालते. दोरीउड्या, लेझीम, सूर्यनमस्कार, फुगड्या, दोरीवरचा मल्लखांब यांना मोठं मैदान लागत नाही.

माणसांसाठी शारीरिक शिक्षणाचे पदवीधर, कबड्डी-खो-खो मंडळांचे जुने खेळाडू आणि वस्तीतले तरुण आहेत. खाऊसाठी महिला बचत गट आहेत. शालेय पोषण आहार शिजवण्याचा त्यांना अनुभव आहे. पैशांसाठी पालिकेचा क्रीडा निधी, जिल्हा नियोजनाचा निधी आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांतून सुरुवात करता येते. पुण्याचं गरवारे बालभवन १९८५ पासून दाखवत आलं आहे, की मुलांच्या संध्याकाळसाठी खास जागा ठेवली तर शहर ती जपतं. अशी जागा प्रत्येक प्रभागात असायला काय हरकत आहे?

निष्कर्ष

शासनानं पीएम पोषणच्या जोडीला संध्याकाळच्या खाऊची योजना प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी आणि रोज किमान अर्धा तास खेळ घेणाऱ्या केंद्रांनाच ती द्यावी. सुरुवात ऊसतोड कामगारांच्या मुलांची हंगामी वसतिगृहं, आदिवासी आश्रमशाळा आणि शहरांतल्या वस्त्या यांच्यापासून व्हावी, कारण तिथे संध्याकाळची भूक सर्वांत मोठी आहे. शिकवणी वर्गांनी दोन तासांच्या मध्ये वीस मिनिटांची खेळाची आणि घरच्या डब्याची सुट्टी ठेवावी. पाळणाघरांनी टीव्हीची वेळ ठरवून मुलांना रोज खाली अंगणात न्यावं. शिक्षकांनी आणि प्रशिक्षकांनी उठाबशांची शिक्षा आणि चॉकलेटचं बक्षीस आजपासून बंद करावं.

पालकांना आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबद्दल विचाराल, तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. शाळा सुटल्यावर हे मैदान उघडं का नसतं, आणि आमची मुलं संध्याकाळी काय खातात याची आपण मिळून काय व्यवस्था करू शकतो? दहा पालकांनी एकत्र येऊन हे प्रश्न मुख्याध्यापकांपुढे, सोसायटीपुढे किंवा ग्रामसभेत ठेवले, तर एका गल्लीतली संध्याकाळ बदलायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ही सुरुवात आपण करू शकतो, आणि ती याच महिन्यात करावी.